हॉर्नब्लेंडचे दात: नदीच्या पायऱ्यांवर सहा दिवस

पहिला दिवस

शेवटच्या वळणावर मॅडमनी गाडी थांबवायला लावली आणि आम्हा दोघांना खाली उतरवलं. समोर सगळं खोरं एका नजरेत मावत होतं. उगमाकडे ग्रॅनाइटचे डोंगर, तळाशी नदी आणि तिच्या डाव्या अंगाला जिन्यासारख्या चढत गेलेल्या सपाट पायऱ्या. नकाशावर त्या पाहून पाठ झाल्या होत्या, तरी प्रत्यक्षात इतक्या रेखीव दिसतील असं वाटलं नव्हतं.

या पायऱ्यांना आम्ही टेरेसच म्हणतो. एकेक टेरेस म्हणजे नदीचं एकेकाळचं पूरमैदान. नदी एका पातळीवर हजारो वर्षं गाळ पसरत राहते. मग कधी जमीन उचलली जाते, कधी वरून येणारा गाळ आटतो, कधी खालच्या अंगाला पाण्याची पातळी उतरते आणि नदी स्वतःच्याच गाळात खोल कापत जाते. जुनं मैदान वर कोरडं राहून जातं. असं पुन्हा झालं की आणखी एक पायरी. म्हणून साधारणपणे वरची पायरी जुनी आणि खालची नवी. या 'साधारणपणे'साठीच आम्ही आलो होतो.

डाव्या काठावर तीन टेरेस आहेत. पहिली पाण्यापासून चारेक मीटर उंच, दुसरी बारा, तिसरी तीसच्या आसपास. उजव्या काठावर मात्र नदीनं खालच्या दोन्ही खाऊन टाकल्या आहेत आणि एकच रुंद टेरेस उरली आहे. ती तिसरीच्या जवळपास उंचीची, किंचित जास्तच. या दोन टेरेस एकाच मैदानाचे दोन तुकडे आहेत का? असतील तर या खोऱ्याचा इतिहास एका वाटेनं जातो आणि नसतील तर दुसऱ्या. उंची जुळली म्हणून वय जुळलं असं धरून चालणं धोक्याचं असतं. वयाचा पुरावा गाळाच्या आत शोधावा लागतो आणि तो आम्ही वाळूच्या दाण्यांत शोधणार होतो.

दुपारी नदीच्या पात्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर गेलो. आजच्या नदीची वाळू हे आमचं शून्य. नदी दाणे टाकते तेव्हा ते कसे असतात हे ठाऊक नसेल, तर पुढे त्यांचं काय झालं हे कशाच्या आधारावर सांगणार? घमेल्यात वाळू घेऊन पाण्यात हलवत राहिलो. पांढरी, हलकी क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारची वाळू काठावरून वाहून गेली आणि तळाशी काळसर ओळ उरली. लोहचुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्या ओळीवरून फिरवल्यावर मॅग्नेटाइट उचललं गेलं. उरलं त्यात हॉर्नब्लेंड हे गडद हिरवं खनिज, थोडं गार्नेट आणि झिरकॉन.

"घमेलं जोरात हलवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात झिजलेला दाणा सगळ्यात आधी वाहून जाईल. पोखरलेला असतो ना, वजनाला कमी भरतो आणि पाण्यावर चढतो. मग घमेल्यात फक्त धडधाकट दाणे राहतील आणि तू म्हणशील, टेरेस नवी आहे."

हे मी आजवर कुठेच वाचलं नव्हतं. वहीच्या पहिल्याच पानावर लिहून घेतलं. इथली मोजणी कच्ची, प्रयोगशाळेत जड द्रवातून दाणे वेगळे करून केलेली पक्की. क्वार्ट्झची घनता २.६५ आणि हॉर्नब्लेंडची ३च्या वर, त्यामुळे दोन्हींच्या मधल्या घनतेच्या द्रवात एक तरंगतं आणि दुसरं बुडतं. सोडियम पॉलिटंगस्टेटचं द्रावण त्या कामाला वापरतात. पूर्वी ब्रोमोफॉर्म वापरायचे, पण ते विषारी.

रात्री मुक्कामी टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. पात्रातलं हॉर्नब्लेंड पाहिलं: लांबट हिरवे दाणे, कडा सरळ, कोपरे गडगडून जरा बोथट झालेले. ध्रुवित प्रकाशात तबकडी फिरवली की तोच दाणा हिरव्याचा पिवळसर तपकिरी होतो आणि पुन्हा हिरवा. कितीही वेळा पाहिलं तरी मला त्याचा कंटाळा येत नाही. पन्नासांतले दोन-तीन दाणे मात्र वेगळे होते. त्यांच्या टोकांना दातांसारखं काहीतरी होतं, पण ते दात झिजून गुळगुळीत झालेले. मॅडमनी एवढंच सांगितलं, "हे लक्षात ठेवा."

दुसरा दिवस

सकाळी पहिल्या टेरेसवर खड्डा घेतला. तासाभरात सव्वा मीटर खाली गेलो, कारण अडवायला काहीच नव्हतं. वरचा वीतभर भाग सोडला तर नदीनं टाकलेले वाळूचे थर जसेच्या तसे होते, अगदी प्रवाहाचा तिरकस कलसुद्धा दिसत होता. मातीचा रंग, तो जुळवून पाहायच्या मन्सेलच्या तक्त्यात, दहा वायआरच्या पानावर, म्हणजे फिकट पिवळसर तपकिरी. नमुने घेतले आणि खड्डा बुजवला.

दुसऱ्या टेरेसवर जास्त वेळ गेला. खड्डा कुठे घ्यायचा यावरच अर्धा तास. काठाजवळ नको, तिथली वरची माती धुपून जाते आणि वय कमी दिसतं. मागच्या चढाच्या पायथ्याशी नको, तिथे वरून माती घरंगळून येते. ओघळ नको, खळगा नको. भोवती सपाटी आहे अशी मधली जागा हवी.

तुलना करायची म्हणजे बाकी सगळं सारखं हवं. मृदा कशी घडते याचे पाच घटक हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये मांडले: हवामान, सजीव, उतार, मूळ द्रव्य आणि काळ. पहिले चार सारखे ठेवले तरच उरलेला फरक काळाच्या नावावर टाकता येतो. टेरेसचा हाच मोठा फायदा. नदी एकच, डोंगर तेच, पाऊस तोच, माथे सगळे सपाट. निसर्गानं प्रयोगच मांडून ठेवल्यासारखं.

दुसऱ्या टेरेसची माती अर्ध्या मीटरखाली तांबूस होत गेली आणि हाताला चिकटू लागली. ओली करून बोटांत वळली तर आखूड वात झाली, म्हणजे चिकणमातीचा अंश आला. नदीचे थर पुसट झाले होते. गोट्यांवर हातोडा मारून पाहिला. पहिल्या टेरेसवरचे ग्रॅनाइटचे गोटे घंटेसारखे खणखणले होते. इथे काही खणखणीत, काही बद्द. बद्द आवाज म्हणजे आत कणांची एकमेकांवरची पकड सुटली आहे. टेरेसची वयं लावताना हा आवाजही नोंदायची पद्धत आहे. वहीत आम्ही खणखणीत आणि बद्द असे दोन रकाने पाडले आणि पन्नास गोटे मोजले.

दर वीस सेंटिमीटरला एक नमुना, तोही तळापासून वर. वरून सुरुवात केली तर वरची माती खालच्या नमुन्यात सांडते. दरवेळी खुरपं पुसायचं, पिशवीवर खोली लिहायची आणि आत एक चिठ्ठी टाकायची. बाहेरची शाई घामानं पुसली जाते.

तिसरा दिवस

तिसऱ्या टेरेसवर पाय ठेवला आणि मातीचा रंगच बदलला. लाल, पाच वायआर, खाली तर आणखी लाल. पहार टाकली तर रुतेना. वरचा मीटरभर भाग उन्हात वाळून विटेसारखा झाला होता. दोघांनी आळीपाळीनं खणलं तरी दीड मीटरला दुपार झाली.

या खड्ड्याच्या भिंतीपुढे मी जेवढा वेळ बसले तेवढा सहलीत दुसरीकडे कुठेच नाही. भिंतीत नारळाएवढा एक गोटा होता. गोलाई पूर्ण, ग्रॅनाइटचे पांढरे-काळे ठिपके जागच्या जागी. चाकू लावला तर तो लोण्यासारखा आत गेला. गोटा दोन भागांत कापला आणि अर्धा भाग काढून तळहातावर घेतला. फेल्डस्पारच्या जागी खडूसारखं मऊ पांढरं पीठ. बायोटाइटचा काळा अभ्रक सोनेरी झालेला, त्याचे पदर वहीच्या भिजलेल्या पानांसारखे फुगून विलग झालेले. क्वार्ट्झ तेवढं काचेसारखं लखलखीत, बोटाला टोचणारं. नदीनं हा गोटा इथे टाकला तेव्हा त्यावर हातोडा उसळला असता. गडगडत आलेला, माराला पुरून उरलेला दगड जागच्या जागी, नुसत्या झिरपणाऱ्या पाण्यानं आतून असा होऊन गेला होता.

ग्रॅनाइट असा आतून का मोडतो, याचं उत्तर बरंचसं बायोटाइटमध्ये आहे. त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, पदरांत पाणी शिरतं, अभ्रक फुगतो आणि शेजारच्या कणांना रेटतो. भेगा पडल्या की पाण्याला वाट मिळते.

कोणतं खनिज आधी हार मानतं याचा क्रम सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये दिला. ऑलिव्हिन सगळ्यात आधी, मग पायरॉक्सीन, मग हॉर्नब्लेंडचा गट, मग बायोटाइट, पुढे पोटॅश फेल्डस्पार, पांढरा अभ्रक आणि शेवटी क्वार्ट्झ. प्लेजिओक्लेज या दुसऱ्या फेल्डस्पारची रांग वेगळी: कॅल्शियमवालं लवकर जातं, सोडियमवालं टिकतं. शिलारस थंड होताना खनिजं ज्या क्रमानं स्फटिकतात, तोच हा क्रम. जे खनिज जास्त उष्णतेत जन्मलं ते पृष्ठभागावरच्या थंड, ओल्या हवेत जास्त परकं. गोल्डिच यांचा क्रम म्हणजे ढोबळ नियम आहे, खोऱ्याखोऱ्यांत थोडी उलटापालट होतेच. पण या खड्ड्याच्या भिंतीत तो वाचता येत होता.

मग वयासाठी हॉर्नब्लेंडच का? क्वार्ट्झ लाखो वर्षांत ढिम्म हलत नाही, त्याच्याकडून तीन टेरेसमधला फरक कळणार नाही. ऑलिव्हिन असतं तर दुसऱ्या टेरेसपर्यंतच संपलं असतं. हॉर्नब्लेंड मधलं आहे. हळूहळू झिजतं, पण झिजताना खूण ठेवतं. त्याच्या रचनेत सिलिकाच्या दुपदरी साखळ्या दाण्याच्या लांबीनं धावतात आणि पाटनाची प्रतलं, म्हणजे दाणा जिथे सहज फुटतो ते सपाट पृष्ठ, त्याच दिशेला. पाणी याच दिशेनं पोखरत जातं, म्हणून दाण्याच्या दोन्ही टोकांना लांबीच्या दिशेनं सुळके उरतात. कोंबड्याचा तुरा असावा तसे.

रात्री ते पाहायला मिळाले. साठ सेंटिमीटरच्या नमुन्यातली पहिली काचपट्टी लावली, फोकस जुळवला, आणि मी खुर्चीतच पुढे सरकले. पहिलाच दाणा दोन्ही बाजूंना करवतीसारखा. हिरवा रंग शाबूत, मधला भाग धड आणि टोकांना सात-आठ अणकुचीदार दात. दातांच्या मधल्या फटी इतक्या खोल, की दोन्ही टोकांच्या फटी मध्यावर भेटायला आल्या होत्या. पुढचा दाणा तर दाणाच राहिला नव्हता, नुसता सांगाडा. बोटानं काचेवर टकटक केली असती तरी मोडला असता.

"आता सांग, हे दात नदीत असताना पडले असतील का?" मॅडमनी विचारलं.

नदीत असे दात टिकलेच नसते. दगडांच्या गर्दीत दोन वळणं गडगडला की दाणा बोडका. म्हणजे हे दात दाणा इथे येऊन पडल्यानंतर, मातीत एका जागी असताना झाले. पात्रातल्या त्या दोन-तीन दाण्यांचे गुळगुळीत दात आता समजले. ते कुठल्यातरी जुन्या टेरेसवर झिजून पुन्हा नदीत पडले होते आणि नदीनं त्यांचे दात बोथट केले होते. अणकुचीदार दात म्हणजे इथली झीज, बोथट दात म्हणजे बाहेरून आणलेली. एवढा साधा निकष, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

मोजायची पद्धत अशी. प्रत्येक नमुन्यातून हॉर्नब्लेंडचे पन्नास दाणे, एक अष्टमांश ते पाव मिलिमीटर जाडीचे. काचपट्टी सरळ रेषेत सरकवत जायचं आणि वाटेत येईल तो दाणा घ्यायचा. डोळा सुंदर दाण्याकडे पळतो, त्याला पळू द्यायचं नाही. प्रत्येक दाण्यावरची सर्वांत खोल फट मायक्रॉनमध्ये मोजायची आणि दाण्याला पाचांपैकी एक वर्ग द्यायचा: ताजा, खरवडलेला, दातेरी, खोल दातेरी, सांगाडा. शिवाय काचपट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या मॅडमनी झाकून ठेवल्या होत्या, कुठली कुठल्या टेरेसची हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. जुनी टेरेस आहे हे माहीत असलं की दात मोठे दिसायला लागतात.

फटींची खोली मोजून मातीचं सापेक्ष वय काढायचा मार्ग लॉक यांनी १९७९ मध्ये आर्क्टिक प्रदेशातल्या मातीवर काम करून दाखवला. त्याआधी १९५६ मध्ये रूह यांनी आयोवातल्या मातीत न झिजणारी आणि झिजणारी जड खनिजं मोजून त्यांचं गुणोत्तर काढलं होतं, झिरकॉन आणि टूर्मलीन एकीकडे, अँफिबोल (हॉर्नब्लेंडचा गट) आणि पायरॉक्सीन दुसरीकडे. माती जुनी होत जाते तसं हे गुणोत्तर वाढतं. आम्ही दोन्ही करत होतो. गुणोत्तर सांगतं किती दाणे संपले आणि दात सांगतात उरलेल्यांची काय गत आहे.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा डाव्या काठाचा क्रम अगदी सरळ निघाला. पहिल्या टेरेसमध्ये जवळजवळ सगळे ताजे, दुसरीत निम्मेअधिक दातेरी, तिसरीत खोल दातेरी आणि सांगाडे. प्रत्येक खड्ड्यात झीज वरच्या भागात जास्त आणि खोल जावं तशी कमी. पाणी वरून येतं आणि खाली जाता जाता विरघळलेल्या क्षारांनी भरत जातं, मग त्याची पोखरायची ताकद ओसरते. खोलीबरोबर झीज उतरत जाणं ही एकाच काळी पडलेल्या गाळाची सही. त्या रात्री आम्ही खूश होतो.

चौथा दिवस

पुलावरून उजव्या काठाला. टेरेस दांडगी, चालून जायला वीस मिनिटं. हँड लेव्हलनं, म्हणजे हातात धरून समपातळी पाहायच्या नळीनं, उंची काढली तर तिसरीपेक्षा दीडेक मीटर जास्त आली.

खड्ड्याची जागा मी निवडली आणि चुकीची निवडली. मागच्या टेकडीच्या पायथ्यापासून जेमतेम तीस पावलांवर. जमीन मऊ होती आणि कालच्या विटेनंतर हात दुखत होते. दुसऱ्या टेरेसवर ज्या कारणानं ती जागा टाळली होती ते कारण मला पाठ होतं, तरी त्या क्षणी सपाटी पुरेशी वाटली. मॅडम त्या वेळी काठाची मोजणी करायला गेल्या होत्या.

दीड मीटरपर्यंत माती भुरकट तांबूस, थर नाहीत, खडे टोकदार. टोकदार खडे पाहूनच थांबायला हवं होतं. नदीचे गोटे गोल असतात.

रात्रीच्या मोजणीत सगळा गोंधळ. एकाच काचपट्टीवर ताजे दाणेही आणि सांगाडेही, मधले वर्ग जवळपास रिकामे. खोलीप्रमाणे काही क्रम नाही. वीस सेंटिमीटरला जे, तेच एकशेवीसला. मातीत एकत्र झिजलेले दाणे असे दोन टोकांना विभागलेले नसतात. दोन वेगळ्या वयांचे दाणे मिसळले तरच असं दिसतं.

"ही टेरेस नाही, हा टेकडीचा उतार आहे. तू उताराचं वय मोजलंस," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत. एक दिवस गेला होता आणि ते मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

पाचवा दिवस

सकाळभर पाऊस. राहिलेल्या काचपट्ट्या मोजल्या. दुपारी उघडल्यावर टेरेसच्या काठाला एक ओढा खोल कापून नदीत उतरतो, तिथे गेलो. पावसानं ओढ्याची दरड धुऊन निघाली होती आणि ओल्या मातीचे रंग कोरड्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसत होते. वर तपकिरी माती, साधारण पुरुषभर उंचीच्या थोडी कमी. तिच्याखाली एकदम लाल पट्टा, वरची कड चाकूनं कापावी तशी. लाल पट्टा खाली जाता जाता फिकट होत नदीच्या गोट्यांत विरत होता.

तिघंही काही वेळ बोललो नाही. लाल माती जमिनीच्या पृष्ठभागापासून खाली तयार होत जाते. ती अशी मध्येच, दुसऱ्या मातीखाली सुरू होत असेल तर तो एकेकाळचा पृष्ठभाग आहे, नंतर गाडला गेलेला.

सहावा दिवस

या वेळी जागा तिघांनी मिळून ठरवली, टेरेसच्या मध्यावर, ओढ्यापासून आणि टेकडीपासून सारख्याच दूर. तपकिरी माती सहज निघाली. सव्वा मीटरला पहारीचा आवाज बदलला. फावड्यानं भिंत साफ केली तर तीच कड, तोच लाल. खड्डा सव्वादोन मीटरपर्यंत नेला, कडा ढासळू नयेत म्हणून पायऱ्या पाडत. तपकिरी थरात ओढ्यानं आणलेले बारीक खडे होते आणि लाल थरात नदीचे गोल, चाकूनं कापले जाणारे गोटे.

दुपारी गाडीच्या मागच्या दारात मायक्रोस्कोप मांडला, रात्रीपर्यंत थांबवत नव्हतं. वरचा नमुना: दातेरी, पण उथळ. खाली जावं तशी झीज कमी होत गेली आणि शंभर सेंटिमीटरला दाणे जवळजवळ ताजे. नेहमीसारखंच. पुढची काचपट्टी एकशेचाळीसची. सांगाडे! खोल दातेरी दाणे, दात लांब आणि टोकदार, एकही बोथट नाही. म्हणजे वाहून आलेले नाहीत, तिथेच झिजलेले. त्याखाली झीज पुन्हा उतरत गेली. वहीत आलेख काढला तर दोन चढ आले, एक आजच्या पृष्ठभागाशी आणि एक सव्वा मीटर खाली. एकाच खड्ड्यात एकावर एक दोन मैदानं.

खालच्या लाल मातीची झीज डाव्या काठाच्या तिसऱ्या टेरेसच्या जवळ जाते, किंचित कमी. वरच्या तपकिरी थराची पहिली आणि दुसरी यांच्या मधली. म्हणजे उजव्या काठाची टेरेस मुळात तिसरीचीच जोडीदार. पुढे ओढ्यानं तिच्यावर आपला गाळ पसरला आणि तिची उंची सव्वा मीटरनं वाढवली. दीडेक मीटरचा फरक बराचसा तिथेच मिटला, उरलेलं हँड लेव्हलच्या चुकीत बसतं. वरवरची माती मोजून निघालो असतो तर ही टेरेस दुसरीपेक्षाही नवी ठरवली असती आणि नुसती उंची पाहिली असती तर पूर्ण तिसरी. दोन्ही चूक.

मी उत्साहात म्हटलं, गाडल्यावर खालच्या मातीची झीज थांबली असणार, मग खालची आणि वरची झीज मिळवली की तिसरीची यायला हवी. मॅडमनी मान हलवली. "झीज पैशासारखी मिळवता येत नाही. ती काळाबरोबर मंदावते. आधी नाजूक जागा विरघळतात, मग उरतं ते चिवट. शिवाय गाडलेल्या मातीत ओल किती राहिली हे आपल्याला कुठे माहीत आहे?" खरं आहे. प्रयोगशाळेत ताजं खनिज ज्या वेगानं विरघळतं त्याच्या कितीतरी पट हळू ते मातीत विरघळतं, आणि माती जुनी होईल तसं आणखी हळू. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड नदीच्या टेरेस या कामासाठी नावाजलेल्या आहेत. त्याही ग्रॅनाइटच्याच गाळाच्या आणि सर्वांत जुनी सुमारे ३० लाख वर्षांची. जेनिफर हार्डन यांनी १९८२ मध्ये मृदाविकासाचा निर्देशांक तिथल्याच मातीवरून बसवला. तिथेही खनिजांच्या झिजेचा वेग वयाबरोबर उतरत जातो असं आढळलं आहे.

म्हणून दाण्यांकडून आम्ही फक्त क्रम घेतला: कोण आधी, कोण नंतर, कोण कोणाच्या जोडीचं. वर्षांचा आकडा दुसऱ्या पद्धतीनं काढावा लागेल. वाळूच्या दाण्यांनी शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला ते सांगणारी ल्युमिनेसन्सची पद्धत आहे. तपकिरी थराच्या तळाचा नमुना मिळाला, तर लाल मैदान केव्हा गाडलं गेलं ते कळेल.

उन्हं उतरल्यावर तो नमुना घेतला. काळ्या जाड कापडाखाली मी आणि माझा सोबती खड्ड्यात उतरलो, लाल कडेच्या चार बोटं वर लोखंडी पाइप भिंतीला टेकवला आणि हातोड्यानं आत ठोकला. पाइप काठोकाठ भरल्याशिवाय चालत नाही. आत पोकळी राहिली तर दाणे हलतात आणि उजेड लागलेले न लागलेल्यांत मिसळतात. पाइप बाहेर काढून कापडाखालीच दोन्ही तोंडं झाकणं लावून काळ्या टेपनं बंद केली. अंगावर बाण काढला, भिंतीच्या आतली बाजू कुठली ते कळावं म्हणून, कारण उजेड लागलेलं बाहेरचं टोक प्रयोगशाळेत टाकून देतात. मग मॅडमनी वरून फावडं खाली दिलं आणि आम्ही खड्डा बुजवायला घेतला, आधी लाल माती, मग तपकिरी.